नाही न म्हणण्याचं धोरण

गुरुजींनी या गोष्टीत वाईट केलं. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की माणूस चांगला हो, परिस्थितीच तशी होती. परिस्थिती काही तशीबिशी नव्हती. खुर्ची मऊ होती, खिडकीतून छान उजेड येत होता आणि कोणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. गुरुजींनी जे केलं ते चहा पीत पीत केलं.

गुरुजी हे काही शाळेतले गुरुजी नव्हेत. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, वय शेहेचाळीस, पाठीला किंचित पोक, खिशाला लाल पेन. दुसऱ्याचं काम तपासायला मिळालं की स्वारी खूश. हॉटेलात गेले तर मेनूकार्डातल्या चुका दुरुस्त करून मगच ऑर्डर द्यायचे. लग्नाच्या आधी बायकोने लिहिलेल्या पहिल्या पत्रातही त्यांनी दोन ठिकाणी खुणा केल्या होत्या, आणि तरी ती हो म्हणाली, हे तिचं मोठेपण. तर असा हा माणूस. ऑफिसात कोणीतरी गुरुजी म्हटलं आणि ते चिकटलं.

कंपनी शाळांसाठी वेळापत्रकाचा प्रोग्रॅम बनवायची. मुळात तो प्रोग्रॅम गुरुजींचाच. त्यांचे वडील मुख्याध्यापक होते. दर सुट्टीत जमिनीवर हा एवढा मोठा कागद पसरायचा आणि ओणवं होऊन वेळापत्रक मांडायचं. एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांत नको, प्रयोगशाळा एकच, चित्रकलेच्या बाई आठवड्यातून तीनच दिवस येणार. खोडून खोडून कागद फाटायचा, मग घरात सगळ्यांनी दोन दिवस गप्प बसायचं. कॉलेजात असताना गुरुजींनी वडिलांसाठी हा प्रोग्रॅम लिहिला आणि इंटरनेटवर उघडा ठेवून दिला. उघडा म्हणजे काय, तर आतला सगळा कोड कोणीही वाचावा, फुकट वापरावा, हवा तसा बदलावा, सुधारणा सुचली तर परत पाठवावी. याला ओपन सोर्स म्हणतात. लोकांनी वापरला. लोकांनी चुका काढल्या, दुरुस्त्याही पाठवल्या. गुरुजी त्या त्याच दिवशी तपासायचे, बरोबर असली की "छान, घेतलं" असं लिहून आत घ्यायचे. त्या दोन शब्दांसाठी कुठली कुठली माणसं राबत होती हो.

मग कंपनी आली. प्रोग्रॅमसकट गुरुजींना नोकरीवर घेतलं. सौदा सरळ होता. तळमजला फुकट आणि उघडाच राहणार, त्यावर कंपनी एक वरचा मजला बांधणार आणि तो विकणार. एकच शाळा असेल तर तळमजल्यावर भागतं. पाच शाखा असतील, पालकांना मेसेज पाठवायचे असतील, तर जिना चढा आणि विकत घ्या. यात पाप काही नाही. लोक फुकट वापरतात, सवय लागते, त्यातले काही वर येतात. पगार त्यावरच चालतात आणि त्याच पगारातून तळमजल्याचीही डागडुजी होते. मी गुरुजींच्या जागी असतो तर मीही सही केली असती.

हे सगळं धोरण सांभाळायला एक साहेब होते. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला "लांबचं बघा, लांबचं" म्हणायचे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना दूरदृष्टी म्हणत. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आठ महिने बंद होतं ते मात्र त्यांना दिसलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर सगळ्यात खपणारी गोष्ट कुठली माहीत आहे? बदली तास. सकाळी सकाळी कोणा शिक्षकाचा फोन येतो की ताप आलाय, येत नाही. मग त्यांच्या वर्गावर जायचं कोणी? शाळेत यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पगारावरूनही होत नसतील. कंपनीचा प्रोग्रॅम बटण दाबताच सांगायचा, चौथ्या तासाला अमुक रिकामे, त्यांना पाठवा. याच एका बटणासाठी शाळा जिना चढायच्या.

आणि एके दिवशी तळमजल्याच्या दारात हेच बटण येऊन पडलं.

एका बाईंनी पॅच पाठवला होता. बाहेरच्या माणसाने केलेली भर, तिला या धंद्यात पॅच म्हणतात. सोबत चिठ्ठी होती.

"सर, मी शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवते. वय बावन्न. प्रोग्रॅम लिहायला पुस्तकांवरून आणि तुमचाच कोड वाचून शिकले. आमच्याकडे रोज सकाळी दोन-तीन जण गैरहजर असतात आणि बदली तास लावायचं काम माझ्या गळ्यात आहे. पहिल्या घंटेच्या आत ते कागदावर जमत नाही. रोज कोणीतरी माझ्यावर चिडतं. म्हणून हे लिहिलंय. चुकलं असेल तर सांगा. बरोबर असेल तर आजूबाजूच्या चार शाळांनाही हवंय. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, आधी तिकडून तपासून येऊ दे, मगच शाळेत वापरू."

गुरुजींनी नेहमीप्रमाणे लाल पेन काढलं. कोड पडद्यावर आणि चुका कागदावर, ही त्यांची पद्धत. वाचत गेले. कागद कोराच राहिला. बाईंनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा विचार केला होता. ज्याच्यावर काल तास पडला त्याच्यावर आज शक्यतो पडू नये याचाही केला होता, आणि तो तर कंपनीच्या विकाऊ बटणातही नव्हता! गुरुजी खुर्चीतून उठलेच. "वा बाई, वा!" असं मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं.

तेव्हाच "छान, घेतलं" लिहून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गुरुजी शिस्तीचे. आधी दूरदृष्टींच्या केबिनमध्ये गेले.

"घ्यायचा नाही," दूरदृष्टी म्हणाले. "बदली तास फुकट झाला तर वरती कोण येणार? मी सांगायला नको तुम्हाला."

"बरं," गुरुजी म्हणाले. "मग त्यांना तसं कळवतो. हे आम्ही विकतो म्हणून इथे घेत नाही, तुमचं तुम्ही वेगळं ठेवा."

"अहो, तेच तर नको!" दूरदृष्टी पुढे सरकले. "नाही म्हणालात की बाई वेगळं ठेवणार. कोड उघडा आहे, त्यांना हक्कच आहे. चार शाळांना देणार, त्या चाळीस शाळांना देणार. माणसाने 'नाही' ऐकलं की तो स्वतःचा रस्ता शोधतो. म्हणून आपण कोणालाच नाही म्हणत नाही. तपासणी चालू ठेवायची. हे सुधारा, ते सुधारा. मुरू द्या. सहा महिन्यांत बहुतेक जण आपणहून कंटाळतात. कोणाचं मन दुखवायचं नाही, आपलंही काम होतं. लांबचं बघा, लांबचं."

गुरुजींना हे पटलं नाही. पण ते "बघतो" म्हणाले आणि बाहेर आले. आपल्याकडे बघतो म्हणजे हो, हे दूरदृष्टींना माहीत होतं आणि गुरुजींनाही.

जागेवर येऊन त्यांनी बाईंना लिहिलं. "प्रयत्न स्तुत्य आहे. काही सुधारणा हव्यात." आणि सात सुधारणा लिहिल्या. आता हेही सांगितलं पाहिजे की त्या सातांतली एकही सुधारणा खोटी नव्हती. म्हणजे खोटी म्हणून दाखवता येणार नाही अशी प्रत्येक होती. हे नाव लांब वाटतं, ते छोटं करा. हे काम एका फाइलीत आहे, ते तीन फाइलींत करा. आधी चाचण्या लिहा, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे आपोआप तपासणारा आणखी कोड. तपासणाऱ्याच्या हातात एवढी साधनं असतात की एखाद्या चांगल्या कामाला जन्मभर दारात उभं ठेवता येतं, आणि वर शिस्तप्रिय म्हणून नावही होतं.

बाईंनी तिसऱ्या दिवशी सातही गोष्टी करून पाठवल्या. "सर, इतक्या बारकाईने बघितलंत, आभारी आहे. आमच्याकडे असं कोणी सांगणारं नाही."

हे वाचून गुरुजींना पहिल्यांदा लाज वाटली. त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या फेरीत तीन फाइलींच्या पुन्हा दोन करायला सांगितल्या. तिसऱ्या फेरीत चाचण्या पुरेशा नाहीत म्हणाले. सगळेच शिक्षक गैरहजर असतील तर? बाईंनी तीही चाचणी लिहिली, खाली टीप टाकली, "सर, अशा दिवशी आम्ही शाळाच सोडू." गुरुजींना हसू आलं आणि हसू आल्याचीही लाज वाटली. चौथी फेरी होईपर्यंत कंपनीने तळमजल्याचं नवं व्हर्शन काढलं, सगळ्या जागा हलल्या, बाईंचं काम जुन्या पायावर राहिलं. "नव्या व्हर्शनवर बसवून पाठवा," गुरुजींनी लिहिलं. बाईंनी पूर्ण सुट्टी घालवून बसवलं. मग आणखी नवं व्हर्शन आलं.

चौदा महिने हे चाललं. एकोणीस फेऱ्या. सहा महिन्यांत कंटाळतात असं दूरदृष्टी म्हणाले होते, पण त्यांची गणितं बाईंना माहीत नव्हती. ही बाई वर्गातल्या शेवटच्या मुलाला समजेपर्यंत अपूर्णांक शिकवणारी. तिला कंटाळा येणार होता थोडाच!

गंमत बघा, या काळात गुरुजींचं ऑफिसात कौतुकच होत होतं. वार्षिक मूल्यमापनात दूरदृष्टींनी लिहिलं, "स्वयंसेवकांशी अत्यंत सौजन्याने वागतात." बाहेरचे लोकही तपासणीचं ते लांबलचक पान वाचायचे, ते सगळ्यांना दिसतं ना. कोणीतरी लिहिलं, असा मार्गदर्शक मिळायला भाग्य लागतं. गुरुजींनी ते वाचून पान बंद केलं, आणि थोड्या वेळाने उघडून पुन्हा वाचलं. लाज वाटत होती तरी वाचलं. माणूस असाच असतो, मेला.

घरी एकदा सकाळी इस्त्री करता करता त्यांनी बायकोला बाईंबद्दल सांगितलं. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, तोंडाने फटकळ.

"काय चिकाटी आहे गं त्या बाईंची," गुरुजी म्हणाले. "बावन्नाव्या वर्षी! सोळाव्यांदा पाठवलंय."

"सोळाव्यांदा?" बायको डबा भरता भरता थांबली. "एवढं काय चुकतंय तिचं?"

"चुकत असं काही नाही."

"मग घ्या की."

गुरुजींनी मग कंपनीचं धोरण समजावून सांगितलं. तळमजला, वरचा मजला, नाही म्हटलं तर काय होतं, सगळं. सांगताना ते स्वतःच्या कानांना बरंच शहाणपणाचं वाटत होतं.

"म्हणजे रिपोर्ट तयार आहे," बायको म्हणाली, "नॉर्मल आहे, आणि तुम्ही काउंटरवर बसून रोज त्या बाईला सांगताय की उद्या या, अजून थोडं रक्त द्या."

"तू प्रत्येक गोष्ट लॅबवर आणू नकोस."

"बरं, नाही आणत. तुम्ही तिला सांगून टाका."

"तुला काय जातं सांगायला! नोकरी मला करायचीय." गुरुजी ओरडले, आणि शर्टाच्या बाहीवर इस्त्री जरा जास्तच टेकली. बायकोने डब्याचं झाकण लावलं आणि गेली. खरं बोलणाऱ्यावर ओरडलो याची त्यांना दिवसभर लाज वाटत राहिली. संध्याकाळी ते तिच्याशी नेहमीपेक्षा गोड वागले, आणि ती काय समजायचं ते समजली.

आता जे सांगणार आहे ते खरं वाईट. इथवर गुरुजींनी वेळ मारून नेली होती, एवढंच म्हणता आलं असतं.

सतराव्या फेरीनंतर बाईंनी त्या उघड्या पानावर न लिहिता गुरुजींना वेगळा ईमेल पाठवला. "सर, एक विचारायचं होतं. वर्षभर तुम्ही न कंटाळता सांगताय आणि माझं काही ना काही राहूनच जातंय. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. माझं डोकं चालतं असं मला वाटायचं. आता खात्री वाटत नाही. वयामुळे असेल का? तुम्ही इतक्यांचं काम बघता. मला हे जमण्यासारखं आहे की नाही, स्पष्ट सांगा. वाईट वाटून घेणार नाही."

स्पष्ट सांगा! दोन ओळींचं काम होतं. उत्तर लिहायला गुरुजींनी अर्धा तास घेतला. एकदा खरं लिहिलंही, "बाई, तुमचं काही चुकलेलं नाही." मग वाटलं, हिने हे कोणाला दाखवलं तर? ते पुसलं. आणि मग या माणसाने, ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, लिहिलं, "धीर सोडू नका. काहींना थोडा वेळ लागतो. मी आहे."

मी आहे! वाचा पुन्हा. मला तर हे सांगतानाही संकोच होतो. पाठवताक्षणी गुरुजींचे कान तापले. आपण काय केलं हे त्यांना बरोबर कळलं होतं. चूक नसलेल्या माणसाला त्यांनी तुझी चूक आहे असं सांगितलं होतं, आणि तेही पाठीवरून हात फिरवत.

बाईंनी आणखी दोन फेऱ्या केल्या. मग एका सोमवारी त्या पानावर त्यांचं शेवटचं लिहिणं आलं. "मी हे काम मागे घेत आहे. सरांनी चौदा महिने अमूल्य वेळ दिला, तो माझ्यामुळे वाया गेला याबद्दल सर्वांची क्षमा मागते." खाली लोकांनी सहानुभूतीच्या ओळी टाकल्या. गुरुजींनीच काय ते काही लिहिलं नाही.

दूरदृष्टी मात्र स्वतः गुरुजींच्या टेबलापाशी आले. "बघितलंत? नाही न म्हणता झालं. आणि वर बाईच क्षमा मागतात! शुक्रवारच्या बैठकीत नव्या लोकांना हे जरा समजावून सांगा. उदाहरण म्हणून. दहा मिनिटं बोला."

गुरुजी नाही म्हणाले नाहीत. सवय गेली होती.

बोलायची तयारी म्हणून गुरुवारी दुपारी त्यांनी बाईंचा पहिला पॅच आणि एकोणिसावा, दोन्ही शेजारी शेजारी उघडले. वेगळीच लहर आली त्यांना. वर्षभरात मागून घेतलेल्या सगळ्या चाचण्या, एकूण त्रेसष्ट, त्यांनी पहिल्या पॅचवर चालवून बघितल्या. नावं बदलली होती ती तेवढी जुळवून घ्यावी लागली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पास झाल्या. सगळे शिक्षक गैरहजर असतात तीसुद्धा. चौदा महिन्यांत बाईंच्या कामात तसूभरही फरक पडला नव्हता, पडायची गरजच नव्हती. हे गुरुजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर त्रेसष्ट हिरव्या खुणा येणं वेगळं. ते उठून हात धुवायला गेले आणि आरशात न बघता परत आले.

शुक्रवारी बैठकीत ते बोलले. वाटलं होतं, तिथे सगळं सांगून टाकू. बारा नवी पोरं, समोर दूरदृष्टी, हातात पाण्याची बाटली. गुरुजींनी सांगितलं की पॅच आला, मग पहिली फेरी, दुसरी फेरी, तीन फाइलींच्या दोन केल्या. तिथे सगळी पोरं हसली. त्यांना वाटलं गुरुजी मजेत सांगताहेत. आणि गुरुजींनी काय करावं? थोडं थांबून, हसू ओसरल्यावर, पुढचं सांगितलं. बाईंची शाळा सोडण्याची टीपही सांगितली, त्यावरही हसले. टाळ्या पडल्या. बाई आत्ता दारात उभ्या असत्या तर, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि मग ते जाईना.

बैठकीतून ते तडक जागेवर गेले. पॅच पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून कंपनी एक संमतीपत्र भरून घ्यायची, त्यावर बाईंचा नंबर होता. मधल्या सुट्टीची वेळ असावी असा अंदाज करून त्यांनी फोन लावला. पलीकडे पोरांचा गलका ऐकू आला.

"सर? तुम्ही?" बाईंचा आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. "अहो, तुम्ही कशाला फोन केलात! मी लिहिलंय ना, काम मागे घेतलंय. आता तुम्हाला त्रास नाही देणार."

"बाई, मला काही सांगायचंय. मधे थांबलो तर पुढचं बोलता येणार नाही, म्हणून सलग सांगतो." आणि सांगितलं. वरचा मजला, विकाऊ बटण, नाही म्हणायचं नाही हे धोरण, मुरवत ठेवणं. ईमेलचं उत्तरही सांगितलं, आधी काय लिहिलं होतं आणि मग काय पाठवलं. बैठकीतलं हसणंही सोडलं नाही.



"म्हणजे," बाई म्हणाल्या, "पहिल्याच वेळी बरोबर होतं?"

"हो."

"पहिल्याच वेळी?"

"हो बाई. पहिल्याच वेळी."

"थांबा जरा." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. रागाने बोलतील, रडतील, फोन आपटतील, या सगळ्याची गुरुजींनी तयारी केली होती. बाई म्हणाल्या, "हे तिथे लिहा. त्या पानावर. मी तिथे सगळ्यांची क्षमा मागितलीय."

"लिहितो. आजच लिहितो."

"आत्ता लिहा. मी आहे फोनवर."

गुरुजींनी फोन खांद्यात धरला आणि लिहायला घेतलं. आपली नोकरी जाऊ शकते हे त्यांना समजत होतं, पण बाईंचा श्वास कानात ऐकू येत असताना तो विचार करायचीही लाज वाटली. लिहून पाठवलं. पलीकडे बाईंनी शाळेच्या संगणकावर पान उघडलं आणि सावकाश, वर्गात धडा वाचतात तसं, मोठ्याने वाचलं. "या पॅचमध्ये पहिल्या दिवसापासून एकही चूक नव्हती. हीच सोय कंपनी विकते, म्हणून कंपनीने तो चौदा महिने अडवून ठेवला. बाईंची क्षमा मागतो."

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"सर, कंपनीने मला कधी एक ओळही लिहिली नाही. कंपनी कोण, मला माहीतसुद्धा नाही. मला तुम्ही लिहीत होतात."

गुरुजींनी 'कंपनीने' पुसलं आणि तिथे 'मी' लिहिलं. वाक्य तेवढंच राहिलं. पाठवलं.

"आलं," बाई म्हणाल्या. "आता ठीक आहे."

"बाई, मी सोमवारी स्वतः तुमच्या मुख्याध्यापकांना पत्र पाठवतो. तुम्ही तो पॅच वापरायला लागा, त्या चार शाळांनाही द्या. तुमचा हक्क आहे. मी लागेल ती मदत..."

तेवढ्यात तिकडे घंटा झाली. पोरांचा गलका एकदम वर्गांकडे पळाला.

"ठेवते सर. तिसरीवर तास आहे माझा."

"तिसरीवर? आज कोणी गैरहजर आहे का?"

"नाही. माझाच वर्ग आहे." बाई वह्या गोळा करत असाव्यात, कागदांचा आवाज येत होता. "वरच्या वर्गांचं गणित मी सोडलं, दोन महिने झाले. मुख्याध्यापक नको म्हणत होते, पण मीच मागे लागले. म्हटलं, माझं डोकं आता चालत नाही, मुलांचं नुकसान नको."